याकोब हर्ट्झलर नावाचे शेतकरी बिशप

‘सेंट अँड्र्यू’ नावाचे जहाज 1749 च्या सप्टेंबरमध्ये फिलाडेल्फियाच्या धक्क्याला लागले, तेव्हा त्यातून उतरलेल्या जर्मनभाषक कुटुंबांत याकोब हर्ट्झलर यांचेही कुटुंब होते. त्यांचा जन्म 1703 चा, म्हणजे वय पंचेचाळिशीच्या पुढचे. त्या काळात या वयात माणूस नातवंडांची वाट पाहू लागतो. हे गृहस्थ रान तोडून नवी शेती करायला निघाले होते. पुढे अमेरिकेतील अमिश या ख्रिस्ती पंथाचे पहिले बिशप म्हणून त्यांची नोंद झाली. अमिश म्हटले की आपल्याकडे घोडागाडी आणि बिनविजेची घरे एवढेच डोळ्यांसमोर येते. माझ्या मते त्या घोडागाडीपेक्षा हर्ट्झलर यांच्यासारख्या माणसाचे आयुष्य अधिक विचार करायला लावते.

बाप्तिस्मा तान्ह्या बाळाला द्यायचा नाही, मोठेपणी समजून-उमजून ज्याचा त्याने घ्यायचा आणि शस्त्र हाती धरायचे नाही, असे मानणाऱ्या मंडळींचा उगम 1525 च्या झुरिकमधला. स्वित्झर्लंडच्या सत्ताधाऱ्यांनी त्यांना बुडवून मारले, देशोधडीला लावले, काहींना गलबतांवर वल्ही मारायला धाडले. 1693 मध्ये याकोब आमान यांनी अधिक कडक शिस्तीचा आग्रह धरला आणि त्यांच्या मागे गेलेले ते अमिश. पेनसिल्व्हेनिया ही क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी वसवलेली वसाहत असल्यामुळे तिथे राजनिष्ठेची शपथ न घेता केवळ वचन दिले तरी चालत असे. ज्यांच्या धर्माला शपथच मान्य नाही, त्यांच्यासाठी ही सवलत जमिनीइतकीच मोलाची होती.

हर्ट्झलर यांनी बर्क्स परगण्यात, ब्लू माउंटनच्या पायथ्याशी, आजच्या हॅम्बर्ग गावाजवळ सुमारे 180 एकर जमीन घेतली. त्या शेताचे नाव ‘समाधान’ या अर्थाचे होते. हा परिसर नॉर्थकिल म्हणून ओळखला जाई आणि अमिशांची अमेरिकेतील पहिली ठळक वस्ती ती हीच. बिशप म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर उंच टोपी आणि राजवाड्यासारखे घर येते. तसे इथे काहीच नव्हते. चर्चची इमारत नाही, पगार नाही. प्रार्थना आळीपाळीने एकेकाच्या घरी होत, आणि आठवडाभर नांगर धरणाऱ्या माणसानेच बाप्तिस्मा द्यायचा, लग्ने लावायची, भांडणे मिटवायची. आजही अमिशांमध्ये उपदेशक निवडताना चिठ्ठी काढतात. निवडक पुरुषांसमोर स्तोत्रांची पुस्तके मांडलेली असतात आणि ज्याच्या पुस्तकात चिठ्ठी निघेल त्याच्या गळ्यात जन्मभराची जबाबदारी पडते. चिठ्ठी निघालेल्याच्या घरी आनंदाऐवजी पुष्कळदा रडारड होते म्हणतात. आपल्याकडची तिकीटवाटपाची रांग आठवून मला यावर हसू आल्याशिवाय राहत नाही.

या बिशपांच्या कारकिर्दीतला सर्वांत कठीण प्रसंग 1757 च्या सप्टेंबरमधला. इंग्रज-फ्रेंच युद्ध सुरू होते आणि फ्रेंचांच्या बाजूने लढणाऱ्या मूळ निवासी योद्ध्यांनी रात्री नॉर्थकिलमधलेच अमिश शेतकरी याकोब हॉख्श्टेटलर यांच्या घराला वेढा घातला. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी हकिकत अशी की मुलांनी बंदुका उचलल्या, पण बापाने गोळी झाडू दिली नाही. घर पेटवले गेले तेव्हा कुटुंब तळघरात उतरले आणि तिथे साठवलेला सफरचंदाचा रस जळत्या फळ्यांवर ओतत राहिले. पहाटे खिडकीतून बाहेर पडताना आई, एक मुलगा आणि एक मुलगी मारली गेली. बाप आणि दोन मुलगे कैद झाले. हॉख्श्टेटलर पुढच्या वर्षी निसटले. मुलांच्या सुटकेसाठी त्यांनी 1762 मध्ये प्रांताच्या गव्हर्नरकडे अर्ज केला आणि कालांतराने दोन्ही मुले परतली.

या कथेत अमिश मंडळी हॉख्श्टेटलर यांचे धैर्य पाहतात आणि ते आहेच. पण त्यांची नांगरलेली शेते ज्या लेनापी या मूळ निवासी लोकांच्या भूमीवर उभी होती, त्यांना 1737 च्या कुप्रसिद्ध ‘चालण्याच्या करारा’त शेजारच्याच मुलखात वसाहतीचे संस्थापक विल्यम पेन यांच्या वारसांनी उघडउघड फसवले होते. दीड दिवसात माणूस चालेल तेवढी जमीन असे ठरले आणि त्यासाठी धावपटू नेमून दिले गेले. गोळी न झाडणाऱ्या शेतकऱ्याने ही फसवणूक केली नव्हती, पण त्याला हे रान मोकळे मिळाले ते अशा व्यवहारांमुळेच. हे नजरेआड करून केलेली अहिंसेची स्तुती मला अर्धवट वाटते.

दुसरी गोष्ट शिस्तीची. दीक्षा घेऊन नंतर वचन मोडणाऱ्याशी जेवणखाण आणि व्यवहार बंद करणे हा अमिश धर्माचा पाया आहे आणि बिशपाला तो अंमलात आणावा लागतो. मराठी माणसाला यासाठी शब्द शोधावा लागत नाही. ‘वाळीत टाकणे’ आपल्याला पुरेपूर ठाऊक आहे आणि 2016 मध्ये महाराष्ट्राने त्याविरुद्ध कायदा केला. दोन्हींत फरक आहे. तिथे माणूस प्रौढपणी स्वतः होकार देऊन आत येतो आणि पश्चात्ताप केला की परतीचा दरवाजा उघडा असतो. इथे जातपंचायतीने जन्मावरूनच पकडलेले असते. तरीही आईच्या पंगतीला बसू न शकणाऱ्या मुलाला या फरकाने फारसा दिलासा मिळत असेल, असे मला वाटत नाही.

हल्ल्यानंतरही हर्ट्झलर नॉर्थकिल सोडून गेले नाहीत. पुढे इंग्रज राजाविरुद्धचे अमेरिकेचे क्रांतियुद्ध आले. तेव्हा लढायला नकार देणारे हे लोक नव्या सत्तेच्या नजरेत देशद्रोही ठरले; दंड झाले, काही अमिश रेडिंगच्या तुरुंगात गेले. पूर्वी ज्या राजाला निष्ठेचे वचन दिले होते ते मोडायचे कसे, हा त्यांचा साधा पेच बंडखोरांना पटणे शक्य नव्हते. हर्ट्झलर 1786 मध्ये वारले आणि आपल्याच शेतात त्यांचे दफन झाले. तोवर लोक नव्या जमिनीच्या शोधात दूर पांगू लागले होते, आणि पुढच्या काही दशकांत नॉर्थकिलची अमिश वस्ती संपली.