ज्याला कर नाही, त्यालाही ‘टॅक्स वाचवा’

माझ्या धाकट्या भावाला या महिन्याच्या सुरुवातीला बँकेतल्या अधिकाऱ्याने ‘सर, मार्च एंड आलाय, टॅक्स वाचवायचाय ना?’ असे विचारले आणि ६०,००० रुपयांच्या वार्षिक हप्त्याची विमा पॉलिसी त्याच्या गळ्यात मारली. भावाचा पगार वर्षाला ९ लाख आहे. तो नव्या करप्रणालीत आहे आणि २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी तिथे १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करच लागत नाही. पगारदाराला ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळत असल्याने ही मर्यादा पावणेतेरा लाखांपर्यंत जाते. शिवाय ८०सी ची, म्हणजे विमा हप्ता, पीपीएफ यांसारख्या बचतीवर प्राप्तिकरात मिळणारी वजावट त्या प्रणालीत मिळतच नाही. जो कर त्याला भरायचाच नव्हता, तो वाचवण्याच्या नावाखाली या माणसाने त्याचे ६०,००० रुपये काढून घेतले.

मी तो अर्ज पाहिला तेव्हा हात थरथरत होते. सही करायच्या प्रत्येक जागी पेन्सिलीने फुली मारलेली होती आणि बाकीचे रकाने अधिकाऱ्यानेच आधी भरून ठेवले होते. हप्ते १२ वर्षे भरायचे आहेत, हे भावाला माझ्याकडून कळले. परताव्याच्या तक्त्यात ४ टक्के आणि ८ टक्के असे दोन रकाने असतात; त्याला फक्त ८ टक्क्यांच्या रकान्यावर बोट ठेवून दाखवले होते, आणि तो आकडा केवळ गृहीत धरलेला असतो, हे कोणी सांगितले नव्हते.

सोमवारी आम्ही पॉलिसी रद्द करायला गेलो. दस्तऐवज हाती आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, हा ग्राहकाचा हक्क आहे. त्यावर तो अधिकारी म्हणाला, ‘मॅडम, ३१ मार्च होऊ द्या, मग शांतपणे बघू.’ त्याचे टार्गेट पूर्ण व्हावे म्हणून माझ्या भावाने आपल्या हक्काचे दिवस वाया घालवायचे, हे त्याने आमच्या तोंडावर सांगितले!

हा संताप आजचा नाही. आमच्या वडिलांच्या कपाटात ज्या तीन पॉलिसी निघाल्या, त्या तिन्ही मार्चच्या शेवटच्या आठवड्यातल्या होत्या आणि एकीचेही विमाछत्र घर चालवण्याइतके नव्हते. मी स्वतः जुन्या प्रणालीत असताना कार्यालयाकडून दर जानेवारीत ‘उद्या संध्याकाळपर्यंत प्रूफ द्या’ असा, म्हणजे करबचतीच्या गुंतवणुकीचे पुरावे मागणारा ई-मेल यायचा आणि त्या एका संध्याकाळच्या धास्तीने मी दोनदा नको तिथे पैसे अडकवले. पगारातून कापला जाणारा स्वतःच्या हिश्श्याचा पीएफ, मुलांची शाळेची फी, गृहकर्जाची मुद्दल हे सारे ८०सी मध्येच धरले जाते, त्यामुळे २०१४ पासून जिथल्या तिथे असलेली दीड लाखाची मर्यादा अनेकांची काहीही नवे न घेता भरते. पण विकायला बसलेला माणूस हा हिशेब कधीच मांडत नाही. पीपीएफमध्ये ५ एप्रिलपूर्वी पैसे भरले तर त्यांवर वर्षभराचे व्याज मिळते, हेही मला कोणत्याही बँकेने एप्रिलमध्ये फोन करून कळवलेले नाही. फोन येतात ते मार्चमध्येच.

सोमवारी मी पॉलिसी रद्द करण्याच्या अर्जाची दुसरी प्रत पुढे केली आणि तिच्यावर तारखेसह पोचेचा शिक्का मिळेपर्यंत, पाऊण तास, त्या खुर्चीवरून उठले नाही. घरी येऊन तोच अर्ज विमा कंपनीला ई-मेलनेही पाठवला आहे.