‘धर्महिंसा तथैव च’ महाभारतात कुठे आहे?

‘गांधीजींनी अर्धाच श्लोक सांगितला. गीतेतला पूर्ण श्लोक असा आहे: अहिंसा परमो धर्मः, धर्महिंसा तथैव च.’ म्हणजे अहिंसा हा श्रेष्ठ धर्म, आणि धर्मासाठीची हिंसाही तशीच. हा मजकूर कधी गीतेच्या, कधी महाभारताच्या नावावर फिरत असतो.

गीतेचा मुद्दा लगेच निकालात निघतो. ‘अहिंसा’ हा शब्द तिथे चारदा येतो (10.5, 13.7, 16.2, 17.14), तोही गुणांच्या यादीत. ‘अहिंसा परमो धर्मः’ हा चरणच गीतेत नाही, मग अर्धा कोण कशाचा करणार?

‘बरं, महाभारतात तरी आहे.’ पहिला चरण आहे, आणि एकाहून अधिक ठिकाणी आहे. त्याच्यापुढे आदिपर्वात ‘सर्वप्राणभृतां स्मृतः’ येतं, वनपर्वात धर्म सांगणाऱ्या व्याधाच्या, म्हणजे धर्मव्याधाच्या तोंडी ‘स च सत्ये प्रतिष्ठितः’, अनुशासनपर्वात ‘तथाहिंसा परो दमः’. ‘धर्महिंसा’ यांत कुठेच नाही.

‘पण छंदात तर बसतं!’ बसणारच. अनुष्टुभ या श्लोकाच्या नेहमीच्या छंदात चरणाला आठ अक्षरं, आणि दुसऱ्या चरणात पाचवं लघु, सहावं गुरू, सातवं लघु. ‘तथैव च’ हे तयार शेपूट जोडलं की काम झालं. मात्र श्लोकाला चार चरण लागतात. या ‘पूर्ण’ श्लोकाला दोनच आहेत. पाठवणाऱ्याकडे उरलेले दोन मागा. पर्व, अध्याय आणि वक्ताही विचारा.

‘संपादकांनी गाळला असेल.’ पुण्याच्या भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक, म्हणजे अनेक हस्तलिखितं ताडून केलेली आवृत्ती (1919 ते 1966) वगळलेले श्लोकही तळटिपांत आणि परिशिष्टांत छापते, ते कोणत्या हस्तलिखितांत सापडतात त्या नोंदीसह. तिथला क्रमांक दाखवावा.

‘म्हणजे आम्ही फक्त मार खायचा?’ खरा सल इथे आहे, आणि त्याचं उत्तर आदिपर्वात ‘अहिंसा परमो धर्मः’ येतं त्याच अध्यायात आहे. नियोजित वधू प्रमद्वरेला साप चावला म्हणून रुरू हा ऋषिकुमार दिसेल तो साप मारत सुटतो. डुंडुभ हा बिनविषारी साप त्याला अहिंसा सांगतो, कारण रुरू ब्राह्मण आहे. दंड धारण करणं आणि प्रजेचं पालन हा क्षत्रियाचा धर्म, हेही तिथेच सांगतो. गीतेतलं ‘धर्म्य युद्ध’ (2.31) क्षत्रियालाच उद्देशून आहे. कोणी, कोणाविरुद्ध, कोणत्या अधिकारानं, हे प्रश्न मूळ ग्रंथ सोडत नाही. जोडलेला चरण नेमके तेच पुसतो आणि मोबाइल हातात असलेल्या प्रत्येकाला दंडाधिकारी करतो.

स्वतः पडताळायचं असेल तर शोधताना ‘परमो धर्म’ एवढंच टाका. अनुशासनपर्वातल्या ओळीत संधीमुळे विसर्ग जाऊन ‘धर्मस्तथा’ होतं आणि ‘धर्मः’ शोधल्यास ती ओळ निसटते. ‘धर्महिंसा’ सलग आणि तोडून, दोन्ही रीतींनी शोधा. अध्यायक्रमांक आवृत्तीगणिक मागेपुढे होतात, म्हणून आवृत्तीचं नावही टिपून ठेवा.