शिडाच्या नौकेवरचा इलेक्ट्रिक विंच: फिरत्या संदेशातील दाव्यांचा प्रतिवाद

मराठवाड्यातल्या ट्रॅक्टर दुरुस्ती, फॅब्रिकेशन आणि मोटर रिवाइंडिंगच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक संदेश पुन्हा पुन्हा फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की शिडाच्या नौकेवर नांगर उचलणारा इलेक्ट्रिक विंच बसवून देण्याचे लोक भरमसाट पैसे घेतात, प्रत्यक्षात मात्र ते एका दुपारचे काम आहे. जीपचा बारा व्होल्टचा विंच घ्यावा, नौकेच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, आवळावा, शेतातल्या पंपाची केबल ओढून घरातला एमसीबी (जादा प्रवाह आला की पडणारा स्विच) लावावा, हार्डवेअरच्या दुकानातून किलोवर साखळी आणावी, की झाले. चार टन ओढणारा विंच असल्यावर वारा नौकेला जागची हलवू शकत नाही. शेवटी ‘नाथसागरावर ज्यांची होडी आहे त्यांनी हे करावेच’ अशी पुस्तीही जोडलेली आहे; नाथसागर म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय.

हे काम स्वतःच्या हाताने करता येते, एवढे मान्य करायला हरकत नाही. ज्याने ट्रॅक्टरचा स्टार्टर खोलून पुन्हा बसवला आहे आणि ज्याला जाड केबलला थिंबल (टोकाला बसवायची धातूची टोपी) नीट दाबता येते, त्याच्या आवाक्याबाहेरचे यात काही नाही. विंचच्या बोल्टखाली आधाराला लागणारी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी वाळूजच्या कोणत्याही छोट्या वर्कशॉपमध्ये कापून मिळते. आक्षेप आहे तो संदेशात सांगितलेल्या कृतीवर, कारण तिच्यातली जवळजवळ प्रत्येक पायरी चुकीची आहे आणि दोन पायऱ्या सरळसरळ धोक्याच्या आहेत.

जीपचा विंच आणि नांगराचा विंच एकच, या गृहीतकावर सगळा संदेश उभा आहे. जीपच्या विंचला एक ड्रम असतो, त्यावर पोलादी किंवा कृत्रिम धाग्याचा दोर गुंडाळला जातो. नौकेवरच्या नेहमीच्या विंचला ड्रमऐवजी खाचा असलेले साखळीचे चाक असते. साखळीची कडी त्या खाचांत बसते, चाकावरून पुढे सरकते आणि डेकखालच्या (नौकेच्या वरच्या तक्तपोशीखालच्या) कप्प्यात आपल्या वजनाने पडते. विंचवर काहीही साठत नाही, म्हणून साखळी ३० मीटर असो वा ८०, यंत्राचा आकार तोच राहतो. ड्रमवाले विंच नौकांसाठी मिळतच नाहीत असे नाही, लहान बोटींवर ते वापरतात. पण ते त्याच कामासाठी घडवलेले असतात, चिखलात रुतलेली गाडी ओढण्यासाठी नव्हे.

यापेक्षा महत्त्वाचा मुद्दा ताकदीचा आहे. संदेशाला चार टन हा गुण वाटतो, पण नौकेवर तो दोष ठरतो. दहा मीटर लांबीच्या नौकेवर १५ किलोचा नांगर आणि ८ मिलिमीटर जाडीची ३० मीटर साखळी धरली, तर साखळीचे वजन मीटरला सुमारे १.४ किलो या हिशेबाने ४२ किलो होते आणि सगळा संच ५७ किलोंचा भरतो. विंचची ओढ या वजनाच्या किमान तिप्पट असावी असा सर्वमान्य आडाखा आहे, म्हणजे १७० ते २०० किलो ओढणारा विंच पुरेसा होतो. नांगर तळाच्या खडकात अडकला, तर असा विंच थांबतो किंवा त्याचा ब्रेकर पडतो, आणि माणसाला काहीतरी अडले आहे हे कळते. चार टनांचा विंच थांबत नाही. तो नाळ पाण्याकडे खेचत राहतो, आणि आधी काय तुटेल, नाळेवरचा रोलर, साखळी की डेक, हे त्या क्षणी कोणाच्याच हातात राहत नाही.

विजेच्या बाबतीत संदेशाने केलेली चूक आपल्याकडच्या माणसाला सहज पटेल अशी आहे, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे. विहिरीवरची पाच अश्वशक्तीची मोटर ४ स्क्वेअर एमएमच्या केबलवर वर्षानुवर्षे चालते; मग एक किलोवॅटची, म्हणजे दीड अश्वशक्तीचीही नसलेली, विंचची मोटर त्या केबलवर का चालणार नाही, असा हा युक्तिवाद आहे. पंपाची मोटर ४१५ व्होल्टच्या थ्री फेजवर चालते आणि प्रत्येक फेजमधून साधारण सात-आठ अँपिअर घेते. विंचची मोटर १२ व्होल्टवर चालते, त्यामुळे एक किलोवॅटसाठी तिला ८० अँपिअरहून जास्त प्रवाह लागतो. केबलला अश्वशक्ती कळत नाही, तिला अँपिअरच सोसायचे असतात.

आता हिशेब करून पाहावा. बॅटरी नौकेच्या मध्यभागी आणि विंच नाळेवर असेल, तर अंतर आठेक मीटर होते, आणि प्रवाहाला जायचे-यायचे असल्यामुळे तांब्याची एकूण लांबी १६ मीटर धरावी लागते. ४ स्क्वेअर एमएमच्या तांब्याचा एवढ्या लांबीत रोध ०.०७ ओहम येतो. ८० अँपिअरला ५.६ व्होल्ट केबलमध्येच खर्च होतात आणि मोटरपर्यंत जेमतेम साडेसहा व्होल्ट पोहोचतात. साखळीचा भार तोच असल्यामुळे प्रवाह फारसा कमी होत नाही, मोटर मात्र मंदावते किंवा अडून बसते. वाया जाणारी ऊर्जा साधारण ४५० वॅट, म्हणजे घरातल्या इस्त्रीच्या जवळपास निम्मी, आणि ती उष्णता नौकेच्या लाकडी पडद्यांमागून, गाद्यांखालून नेलेल्या केबलमध्ये तयार होते. त्याच अंतरावर ३५ स्क्वेअर एमएमची केबल घातली तर घट ०.६४ व्होल्टवर येते, ५० ची घातली तर ०.४५ वर. नाळेपर्यंत जाणाऱ्या केबलचा खर्च कधी कधी विंचच्या किमतीशी स्पर्धा करू लागतो, हे खरे आहे, आणि लोकांना ती केबल बारीक करण्याचा मोह तिथेच होतो.

‘वेल्डिंगची केबल चालते’ अशी दुरुस्ती संदेशाखाली काहींनी सुचवली आहे. जाडीच्या दृष्टीने ती बरी, पण आपल्या बाजारात वेल्डिंगची केबल अ‍ॅल्युमिनियमचीही मिळते, तिचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो आणि थिंबलमध्ये ती काळाच्या ओघात सैल होते. केबल तांब्याचीच आहे ना, हे टोक सोलून पाहावे. समुद्रावर वापर असेल तर कथिलाचा मुलामा दिलेल्या तारांची केबल घ्यावी, कारण साधे तांबे खाऱ्या हवेत थिंबलच्या आतून काळे पडत जाते.

घरातल्या एमसीबीचा सल्ला तर सोडूनच द्यावा. त्यावर छापलेली क्षमता एसीसाठी, म्हणजे घरात येणाऱ्या दिशा बदलत्या प्रवाहासाठी, असते. एसी प्रवाह दर सेकंदाला अनेकदा शून्यावरून जातो, म्हणून स्विच तुटताना पडणारी ठिणगी विझते. डीसीला, म्हणजे बॅटरीच्या एकाच दिशेच्या प्रवाहाला, ही सवलत नसते. विंचला त्याच्या निर्मात्याने सांगितलेल्या अँपिअरचा डीसी ब्रेकर लागतो आणि तो बॅटरीच्या धन टोकाच्या जितका जवळ बसवता येईल तितका जवळ बसवावा लागतो. ब्रेकर विंचशेजारी बसवला तर वाटेतली आठ मीटर केबल संरक्षणाविनाच राहते. ती कुठे घासून ऋण बाजूला टेकली, तर बॅटरी क्षणात हजारभर अँपिअर सोडू शकते आणि मध्ये अडवायला काही नसते. डीपीवरचा फ्यूज उडाला की जाड तार अडकवून काम चालवण्याची आपल्याकडची सवय इथे फार महागात पडेल, कारण नौकेला आग लागली तर उतरून बाजूला उभे राहायला बांध नसतो.

साखळीबद्दल संदेशात एकच वाक्य आहे: ‘किलोवर मिळते ती आणा.’ विंचच्या चाकातल्या खाचा विशिष्ट मापाच्या कडीसाठी कोरलेल्या असतात. केवळ जाडी जुळून भागत नाही, कडीची आतली लांबीही जुळावी लागते. १० मिलिमीटरच्या साखळीचे दोन प्रचलित मानक आहेत. जर्मन डीआयएन ७६६ प्रमाणे आतली लांबी २८ मिलिमीटर, तर आयएसओ ४५६५ प्रमाणे ३०. डोळ्यांना दोन्ही सारख्याच दिसतात. साखळी ताणून दहा कड्या बाहेरून बाहेर मोजल्या, तर एकीची लांबी ३०० मिलिमीटर भरते आणि दुसरीची ३२०. साध्या टेपनेही हा फरक पकडता येतो. चुकीची साखळी भार नसताना बरी चालते आणि भार आला की खाचेतून उसळते, मग नांगरासकट सगळी साखळी सुसाट खाली धावते. त्या वेळी चाकाजवळ बोटे असली तर काय होईल, हे चाऱ्याचे कटर चालवणाऱ्या कोणालाही सांगायला नको. साखळी हाताने सरळ करायची असेल, तर ब्रेकर आधी खाली पाडावा. हार्डवेअरच्या दुकानातली साखळी जनावरे बांधायला उत्तम असते, पण तिच्या कड्यांच्या मापाची हमी कोणी देत नाही.

‘विंच नौकेला हलू देत नाही’ हा संदेशातला सर्वांत घातक दावा आहे. विंच उचलण्यासाठी असतो; नौका धरून ठेवण्याचे काम त्याचे नाही. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, आणि लाटांवर नाळ वर-खाली होऊ लागली की ताठ झालेल्या साखळीतून प्रत्येक लाटेला हिसका बसतो. तो हिसका विंचवर आला तर गिअरचे दात तुटतात, दांडा वाकतो, किंवा विंच डेकचा तुकडा घेऊन निघतो. म्हणून नांगर टाकून साखळी हवी तेवढी सोडल्यावर तिला आकड्याने नायलॉनचा दोर जोडतात, त्या दोराचे दुसरे टोक नौकेच्या भक्कम खुंटाला बांधतात आणि मग विंचवरची साखळी थोडी ढिली सोडतात. नायलॉन ताणले जाते आणि हिसका गिळते, म्हणून दोर काही मीटर लांब हवा. इथेही बाजारात फसगत होते: नायलॉनची म्हणून मिळणारी रंगीत दोरी पुष्कळदा पॉलिप्रॉपिलीनची असते. तुकडा बादलीत टाकून पाहावा. नायलॉन बुडते, पॉलिप्रॉपिलीन तरंगते.

याच दाव्याचे दुसरे टोक म्हणजे विंचने नौका नांगरापर्यंत ओढून न्यायची. इंजिन चालू करून नौका सावकाश नांगराकडे न्यावी आणि विंचने फक्त ढिली पडलेली साखळी गोळा करावी, ही पद्धत आहे. त्यामुळे अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारे यंत्र) चालू राहतो आणि बॅटरीवरचा ताणही हलका होतो. नांगर गाळात खोल रुतला असेल, तर नौका त्याच्या बरोबर वर आल्यावर साखळी खुंटाला अडकवून नौकेच्याच जोराने तो सोडवावा.

डेकला बोल्ट मारण्याचा भाग संदेशाने ‘ड्रिल करा, आवळा’ एवढ्यात उरकला आहे. फायबरच्या अनेक नौकांचा डेक एकजीव नसतो. फायबरच्या दोन थरांमध्ये बाल्सा लाकूड किंवा फोम भरलेला असतो. तिथे नुसते भोक पाडून बोल्ट आवळला, तर आतला गाभा दबतो, भोकातून पाणी झिरपते आणि दोन-तीन पावसाळ्यांत लाकूड कुजून डेक पायाखाली दबू लागतो. भोक आधी हवे त्यापेक्षा मोठे पाडावे, आतला गाभा कडेने थोडा कोरून काढावा, ती जागा दाट केलेल्या इपॉक्सीने (घट्ट होणाऱ्या राळेने) भरावी, ते पूर्ण घट्ट झाल्यावर त्यातून योग्य मापाचे भोक पाडावे आणि खालून रुंद पट्टी देऊन बोल्ट आवळावेत. इपॉक्सीला घट्ट व्हायला बहुधा रात्र जाते, तेव्हा ‘एका दुपारचे काम’ हा दावा इथेच निकालात निघतो. अ‍ॅल्युमिनियमच्या विंचखाली स्टेनलेसचे बोल्ट थेट टेकले तर खाऱ्या पाण्यात अ‍ॅल्युमिनियम खात जाते, म्हणून मधे विलगीकरणाची पेस्ट लावतात.

जागा ठरवण्याआधी डेकखाली डोकावून पाहणेही आवश्यक आहे. नाळेवरच्या रोलरपासून विंचच्या चाकापर्यंत साखळी सरळ रेषेत यायला हवी, आणि चाकाखाली कप्प्यात साखळी भरल्यावरही फूटभर मोकळी उंची उरायला हवी. ती नसेल तर साखळीचा ढीग वर चढत चाकाला टेकतो आणि विंच अडतो. साखळीचे शेवटचे टोक कप्प्यातल्या कडीला लोखंडाने नाही, दोराने बांधतात; नांगर सोडून पळण्याची वेळ आली तर तो सुरीने कापता येतो.

राहता राहिला नाथसागर. जायकवाडीचा एकूण साठा सुमारे २,९०९ दशलक्ष घनमीटर आहे आणि पसारा सुमारे ३५० चौरस किलोमीटर. भागाकार केला तर भरलेल्या धरणाची सरासरी खोली आठ मीटरच्या आसपास येते. तो परिसर पक्षी अभयारण्य असल्याने तिथे कोणती नौका नेता येते हा प्रश्न वेगळाच आहे, पण केवळ नांगराचा विचार केला तर इथल्या लहान होडीला दहा किलोंचा नांगर आणि पाच मीटर साखळी पुरते. दोन्ही मिळून १७ किलो होतात, ते धडधाकट माणूस हातांनी वर घेतो. विंच, ५० स्क्वेअर एमएमची केबल आणि आणखी एक बॅटरी नाळेच्या दिशेने लादली, तर ती होडी पुढून जड होईल, एवढेच. तिला दोर मात्र लांब हवा: खोलीच्या पाचपट धरला तर ४० ते ४५ मीटर, वारा वाढून सातपट सोडायचा झाला तर ६० मीटर, आणि धरणाच्या भिंतीकडे, जिथे पाणी सरासरीपेक्षा बरेच खोल आहे, तिथे त्याहून जास्त.