मांडीवर न मावणारा

२०१२ साली हा १७.३ इंची लॅपटॉप घेतला तेव्हा दुकानदार म्हणाला होता, "साहेब, डेस्कटॉपला भारी पडेल." पडला. सव्वातीन किलो, चार्जरची वीट वेगळी. मांडीवर घेतला की दहा मिनिटांत मांडी शेकून निघते. एकाही सॅकमध्ये मावत नाही, म्हणून तेरा वर्षं जेवणाच्या टेबलाचा एक कोपरा तोच कसतोय. आता कूळकायदा लावला तर टेबल त्याच्याच नावावर होईल.

त्यातली हार्ड डिस्क मिनिटाला ५४०० फेरे मारते म्हणे. फेरे ती मारायची, दमायचो मी. बटण दाबून चहा टाकावा, गाळावा, प्यावा, कप विसळावा, तरी पडद्यावर गोल फिरतोच आहे.

शेवटी पुण्यातली इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची तपकीर गल्ली गाठली. "रॅम? डीडीआर-थ्री की थ्री-एल?" वधूपित्यानं गोत्र विचारावं तसा प्रश्न. मी म्हटलं, "चांगल्यातली द्या." त्यानं डोळे मिटून घेतले. "काका, एल न्या. १.३५ व्होल्टवर चालते, दीडवरही चालते." माणसांत इतकी समजूतदार स्थळं आता मिळत नाहीत.

एसएसडी घेतली, म्हणजे फेरे न मारणारी, चटपटीत डिस्क. जुनी डिस्क टाकवेना, म्हणून डीव्हीडी ड्राइव्ह काढून त्या जागी कॅडीत, म्हणजे डिस्क धरणाऱ्या चौकटीत, बसवायचं ठरलं. आणलेली कॅडी ९.५ मिलिमीटर जाडीची, खाचेला हवी १२.७ची. आत सैल कवळीसारखी खुळखुळली. पुन्हा तपकीर गल्ली.

रविवारी पोट उघडलं. पंख्यावर धुळीची गोधडी. एकेका लांबीचे स्क्रू हरवू नयेत म्हणून मसाल्याच्या डब्यातल्या रिकाम्या वाट्या घेतल्या. हिनं फक्त एवढंच विचारलं, "मोहरी कुठंय?"

झाकण लावल्यावर एक स्क्रू उरला. उरतोच. विंडोज नव्यानं टाकलं (११ नाही, त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि आमचे हे त्याआधीच्या पिढीतले). बटण दाबलं. गॅस पेटवेपर्यंत लॅपटॉप हजर! मी हिला हाक मारून तीनदा बंद-चालू करून दाखवला.

"छान," ती म्हणाली, आणि खूप वर्षांनी माझ्याकडे कौतुकानं बघत टेबलाशी खुर्ची ओढून बसली. "आता चिनूच्या मुंजीची डीव्हीडी लाव बघू."

मी मसाल्याचा डबा खाली काढला.