जगाच्या इतिहासातले सर्वात प्रभावशाली लोक: यादी बेळगावात बसून कशी करावी

तुमच्यावर पण कधी ना कधी ही वेळ येणारच. पोराच्या शाळेत प्रोजेक्ट असतोय, नाहीतर मंडळाला देखाव्यासाठी विषय पाहिजे असतोय, नाहीतर ग्रुपवर कुणीतरी रात्री साडेअकराला टाकतंय की जगाच्या इतिहासातली टॉप टेन माणसं सांगा बघू, आणि मग सगळ्यांची झोप उडते. तर बेळगाव, खानापूर, निपाणी ह्या आपल्या पट्ट्यात राहून अशी यादी कशी करायची ते सांगतो, फुकट आहे, ऐकून घ्या की.

पहिला नंबर कुणाला द्यायचा हे इतिहास बघून ठरवू नका, गल्ली बघून ठरवा. आमच्या गल्लीत तो महाराजांचा, त्यात चर्चा नाही. दोन गल्ल्या सोडून पलीकडं बसवण्णांचा, आणखी पुढं गेलं की राणी चन्नम्मांचा, आणि खरं सांगायचं तर तिघंही एवढी मोठी की आपण त्यांना नंबर द्यायचा म्हणजे आगाऊपणाच, पण यादी म्हटल्यावर नंबर आलाच. सेफ उपाय म्हणजे पहिला नंबर लिहायचाच नाही, डायरेक्ट दोनपासून सुरू करायचं, कुणी विचारलं तर ‘पहिला तुमच्या मनातला वो’ म्हणून हात जोडायचे.

दोन नंबरला न्यूटन घाला. त्याच्या नावानं मोर्चा निघत नाही, त्याच्या पुतळ्याला चौकात जागा कोण मागत नाही, बंदोबस्त लागत नाही. तीनला गुटेनबर्ग. ह्यानं जर्मनीत मेन्झला १४५५ च्या सुमारास बायबल छापलं, आणि त्याच साली फुस्ट नावाच्या सावकारानं कर्जापायी कोर्टात ओढून छपाईचं सामान ताब्यात घेतलं. म्हणजे जग बदललं ते बदललं, बिचारा उधारीत गेला. आपल्याकडचा फ्लेक्सवाला ॲडव्हान्स घेतल्याशिवाय मशीन का चालू करत नाही ते आता कळलं असेल.

फ्लेक्सवरनं आठवलं, प्रभाव मोजायची खरी पट्टी तीच आहे. कुठल्याही भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स बघा. वर एका ओळीत सगळे महापुरुष, पासपोर्ट साईजच्या गोल फोटोत, शेवटच्याचा अर्धा कान फ्रेमच्या बाहेर गेलेला, आणि खाली भाऊ गॉगल घालून, कानाला मोबाईल, चपलेपासून डोक्यापर्यंत बारा फूट. आता इतिहासावर प्रभाव कुणाचा जास्त, तुम्हीच सांगा. त्यात २०२४ पासून बोर्डावर वरचा साठ टक्के भाग कन्नड पाहिजे असा कायदाच झालाय, म्हणजे मराठीतनं महापुरुष घालायचे तर उरलेल्या चाळीस टक्क्यांत भाऊ, भाऊंचे मित्रमंडळ आणि जगाचा इतिहास, सगळं बसवायचंय.

लोकल कोटा विसरू नका. गांधीजी काँग्रेसचे अध्यक्ष आयुष्यात एकदाच झाले, ते १९२४ च्या डिसेंबरात बेळगावच्या अधिवेशनात. हे सांगताना आवाज असा काढायचा की आपण नसतो तर ते तेवढ्यावरच राहिले असते. किर्लोस्करांना पण घाला, लक्ष्मणरावांनी १८८८ ला इथंच सायकलचं दुकान टाकलं, पुढं लोखंडी नांगर काढले, आणि मग म्युनिसिपालटीनं जागा खाली करा म्हटल्यावर १९१० ला माळरानावर जाऊन किर्लोस्करवाडी वसवली. रस्त्याला नाव मात्र आपण दिलंय, तेवढं मोठं मन आहे आपलं.

ऊस लावणाऱ्यांच्या ग्रुपवर यादी टाकणार असाल तर फ्रिट्झ हाबर पाहिजेच. सोसायटीच्या गोदामासमोर आधार कार्ड हातात धरून युरियाच्या पोत्यासाठी उभारताय ना, ते ह्याच्यामुळं. १९०९ ला ह्यानं हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करून दाखवला, बॉशनं १९१३ ला त्याचा कारखाना चालू केला, आणि आज जगातल्या जवळजवळ निम्म्या लोकांचं अन्न त्याच खतावर आहे म्हणतात. त्याच हाबरनं पहिल्या महायुद्धात, १९१५ ला, बेल्जियममधल्या ईप्रला शत्रूच्या सैन्यावर क्लोरीन वायू सोडायची व्यवस्था स्वतः उभं राहून बघितली, आणि १९१८ चं नोबेल पण घेतलं. हे दुसरं वाक्य ग्रुपवर घालू नका, लगेच सेंद्रिय शेतीवाले येतात.

आता मेन विषय. ज्यांनी लढाया मारल्या, धर्म सांगितले, शोध लावले, ते राहू देत बाजूला, खरी प्रभावशाली माणसं म्हणजे नकाशावर रेघ मारणारी. सायक्स म्हणून एक इंग्रज साहेब होता, १९१५ ला लंडनमध्ये मध्यपूर्वेच्या नकाशावर आक्रेपासनं किर्कुकपर्यंत बोट फिरवून म्हटला इथनं रेघ मारू, पुढच्या वर्षी फ्रान्सच्या पिकोबरोबर करार, झाली वाटणी. फाळणीची रेघ मारणारा इंग्रज वकील रॅडक्लिफ तर त्याच्या वर. आधी कधी हिंदुस्थानात पाय ठेवला नव्हता, ८ जुलै १९४७ ला आला, पाच आठवड्यांत पंजाब आणि बंगाल कापून दिला, आणि रेघ जाहीर झाली १७ ऑगस्टला, म्हणजे लोकांनी झेंडे लावून झाल्यावर कळलं आपण कुठल्या देशात आहोत.

पण ह्या सगळ्यांचा बाप आपला. मेहेरचंद महाजन. रॅडक्लिफच्या पंजाब कमिशनवर हे मेंबर, काश्मीर विलीन झालं तेव्हा तिथले पंतप्रधान हे, १९५४ ला देशाचे सरन्यायाधीश हे, आणि एवढं करून दमले नाहीत म्हणून १९६६ ला आपल्या सीमाभागावर एकसदस्य आयोग म्हणून पण हेच. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण म्हैसूर राज्यात गेलो होतो, त्याचं काय करायचं ते ह्यांनी १९६७ ला सांगितलं: बेळगाव आहे तिथंच, २६४ गावं महाराष्ट्राला, २४७ गावं तिकडं. महाराष्ट्रानं मानलं नाही. एक गाव हललं नाही. तरी अहवाल अजून चालू आहे, दर अधिवेशनात निघतोय, दर इलेक्शनला निघतोय, ताणलं की एसट्या बंद पडतात आणि लग्नाचं वऱ्हाड बॉर्डरवर बॅगा घेऊन उभं. एवढा प्रभाव न्यूटनचा सुद्धा नाही बघा, त्याचे नियम निदान लागू तरी आहेत.

घरात पुरावा पाहिजे असेल तर आजोबांना शेताचा उतारा काढायला पाठवा. कन्नडमधला कागद हातात घेऊन येतात, चष्मा वर-खाली करतात, आणि कन्नड मीडियमला असलेल्या नातवाला हाक मारतात, वाच रे आपलं नाव बरोबर आलंय काय. नातू वाचून दाखवतोय आणि दहा रुपये मागतोय.

दहावा नंबर मोकळा सोडा. २००४ ला महाराष्ट्रानं सुप्रीम कोर्टात दावा घातलाय, निकाल देणारे न्यायमूर्ती अजून लॉ कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असतील, नाव कळलं की घालू. तोवर त्या जागेत एखाद्या कुंदावाल्याची जाहिरात घ्या, फ्लेक्सचा खर्च तरी निघेल.