बाल्कनची भीती घालणाऱ्यांनी कोवाचित्सा एकदा बघावं

एक मजकूर गेल्या दोन-तीन वर्षांत वेगवेगळ्या लोकांकडून माझ्यापर्यंत पोचला. शब्द थोडे बदलतात, आशय तोच. आग्नेय युरोपातल्या बाल्कनमध्ये गावागणिक वेगळी जमात आहे, त्यांची वैरं हजार वर्षांची आहेत, जिथे दोन भाषा शेजारी आल्या तिथे रक्त सांडलं. अल्पसंख्याकांच्या भाषेला सरकारी कचेरीत जागा दिली की देश फुटायला सुरुवात होते, आणि जिथे कुणाचंच बहुमत नाही तिथे कारभार अशक्य. मग शेवटी 'बाल्कनीकरण', म्हणजे देशाचे तुकडे पडणं, हा शब्द येतो आणि आपल्याकडच्या भाषांवर घसरायला मैदान मोकळं होतं.

बाल्कनमध्ये भयंकर गोष्टी घडल्या, हे मला नाकारायचं नाही. पण त्या का घडल्या याचं जे कारण हा मजकूर देतो ते चुकीचं आहे. ते दाखवायला एकच जागा घेतो: सर्बियाच्या वोय्वोदिना प्रांतातली कोवाचित्सा नगरपालिका. बेलग्रेडपासून पन्नासेक किलोमीटरवर, सपाट काळ्या मातीचा, मका आणि सूर्यफुलाचा मुलूख. नाव नगरपालिका, पण आहेत सगळी मिळून आठ गावं, आपल्या तालुक्याहूनही लहान पसारा.

'गावागणिक वेगळी जमात' हे इथे बऱ्यापैकी खरं आहे, हे आधी कबूल करतो. कोवाचित्सा आणि पादिना ही स्लोव्हाकांची गावं. देबेल्याचा हंगेरियनांचं. उझ्दिन रोमेनियनांचं. त्स्रेपाया, इद्वोर, सामोश आणि चिमुकलं पुत्निकोवो सर्बांची. देवळंही तशीच: स्लोव्हाक ल्यूथरपंथी, हंगेरियन कॅल्व्हिनपंथी, सर्ब आणि रोमेनियन ऑर्थोडॉक्स पण आपापल्या वेगळ्या चर्चचे. सायकलवर निघालात तर एका दिवसात चार भाषा कानावर पडतील. मजकूर लिहिणाऱ्याच्या मते हे तर रणांगणच व्हायला हवं. पण 1991 ते 1995 या काळात, सर्बिया ज्याचा भाग होता तो युगोस्लाव्हिया फुटत असताना, या गावांनी एकमेकांवर बंदूक उचलली नाही. अख्ख्या वोय्वोदिनात लढाई झाली नाही.

आता 'हजार वर्षांची वैरं'. हे विधान मला सर्वांत जास्त खटकतं, कारण यात नुसती चूक नाही, आळस आहे. स्लोव्हाक कोवाचित्सात आले ते 1802 साली. पादिनात त्यानंतर चार वर्षांनी. देबेल्याचात हंगेरियन कुटुंबं आली अठराव्या शतकाच्या अखेरीला. म्हणजे आपल्याकडे पेशवाईचा शेवट चालू होता तेव्हा ही गावं नुकती वसत होती. 1718 च्या तहानंतर बनात, म्हणजे ही गावं ज्यात येतात तो प्रदेश, ऑटोमन तुर्कांकडून ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग घराण्याकडे गेला. लढायांनी ओस पडलेली जमीन कसायला आणि सीमा राखायला व्हिएन्नाच्या दरबाराला माणसं हवी होती. हा सगळा पट्टा लष्करी सीमाप्रदेश होता: जमीन घ्यायची आणि बदल्यात हाक आली की शिपाई म्हणून उभं राहायचं. ल्यूथरपंथी स्लोव्हाकांना उत्तरेत जमीन पुरत नव्हती, इथे ती मिळत होती. आजही या गावांच्या रस्त्यांकडे नकाशात पाहिलं तर सरळ, काटकोनात छेदणाऱ्या रेषा दिसतात. मोजणीदाराने दोरी लावून आखलेल्या. वेगवेगळ्या भाषांची माणसं वेगवेगळ्या गावात राहतात ती भांडून वेगळी झाली म्हणून नाही. सरकारने गट करून आणलं आणि गट करून वसवलं म्हणून.

या एकाच गोष्टीने 'प्राचीन वैर' निकालात निघतं असं मला वाटतं, पण मजकुराच्या बाजूने जे सांगता येईल तेही सांगायला हवं. या मुलखात माणसं नाहीशी झाली आहेत. ऑगस्ट 1941 मध्ये नाझी ताब्यातल्या बनातमधून ज्यूंना बेलग्रेडला नेलं आणि पुढे ठार मारलं. 1944 नंतर उलटा फेरा आला: पिढ्यान्‌पिढ्या इथे शेती करणाऱ्या जर्मनांना छावण्यांत डांबलं, घरदार जप्त केलं. शेजारच्या पांचेवो भागात फ्रान्झफेल्ड नावाचं जर्मन गाव होतं, त्याचं नाव आता काचारेवो. तिथे मॅसेडोनियातून आणलेली कुटुंबं वसवली. घरं तीच, चुली मात्र अगदी अनोळखी माणसांच्या झाल्या. आणि 6 मे 1992 रोजी वोय्वोदिनातल्याच हर्त्कोव्त्सी गावात बेलग्रेडहून आलेल्या वोयिस्लाव शेशेल्य या पुढाऱ्याने क्रोएट गावकऱ्यांना हाकलून देण्याची भाषा केली. कुटुंबं घाबरून निघून गेली. त्या भाषणासाठी 2018 साली आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने त्याला दोषी ठरवलं.

या तिन्ही घटनांत सुरुवात कुठून झाली ते बघा. कब्जा करणारं सैन्य, युद्ध जिंकून आलेली राजवट, मतं आणि सत्ता हवी असलेला राजधानीतला पुढारी. त्यात शेजारी सामील झालेच नाहीत असं मी म्हणणार नाही. बनातमधल्या स्थानिक जर्मन प्रशासनाचा ज्यूंच्या हद्दपारीत हात होता. पण दोन भाषा एका रस्त्यावर आल्या म्हणून आपोआप आग लागली, असं यातल्या एकाही घटनेबद्दल म्हणता येत नाही.

तिसरा मुद्दा भाषेचा. अल्पसंख्य भाषेला कचेरीत जागा दिली की देश फुटतो, म्हणे. कोवाचित्सा नगरपालिकेच्या अधिकृत भाषा चार आहेत: सर्बियन, स्लोव्हाक, हंगेरियन, रोमेनियन. सर्बियन कायद्यानुसार एखाद्या पालिकेत 15 टक्के लोकसंख्या असेल तर त्या समाजाची भाषा कारभारात आणणं सक्तीचं होतं. 2011 च्या जनगणनेत इथले हंगेरियन साधारण दहा टक्के होते, रोमेनियन तर सहाच्या आसपास. म्हणजे 15 टक्क्यांच्या अटीत बसत नसताना या दोन्ही भाषांना इथे जागा आहे. सरकारी पाटीवर गावाचं नाव सर्बियन सिरिलिक लिपीत असतं आणि बाकीच्या भाषांतही. सर्बियन आणि स्लोव्हाकमध्ये कोवाच म्हणजे लोहार. हंगेरियनमध्ये मात्र याच गावाला आंतालफाल्वा म्हणतात, आंतालचं गाव. एकाच खांबावर दोन वेगळी नावं, आणि तो खांब उभा आहे.

मला सर्वांत आवडलेली गोष्ट शाळेची. कोवाचित्सातल्या माध्यमिक शाळेत सर्बियन आणि स्लोव्हाक अशा दोन्ही भाषांत शिकवतात. शाळेला नाव आहे मिहायलो पुपिन यांचं. पुपिन शेजारच्या इद्वोरचे, शेतकरी सर्ब घरातले; अमेरिकेत गेले, कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक झाले, दूरवरच्या टेलिफोनचा आवाज क्षीण होऊ नये म्हणून तारेत ठरावीक अंतरावर वेटोळी बसवायची त्यांची युक्ती जगभर वापरली गेली. स्लोव्हाक गावातल्या मुलांना सर्ब गावचा हा माणूस आपला वाटतो. पुपिन यांनाही पांचेवोच्या शाळेत विज्ञानाची गोडी लावली ती एका स्लोव्हेन शिक्षकाने.

आणि चित्रं! कोवाचित्साची ओळख आज जगात आहे ती तिथल्या शेतकरी चित्रकारांमुळे. 1939 च्या सुमाराला, शेतातली कामं थांबलेल्या हिवाळ्यात काही जणांनी रंग हातात घेतले. 1952 मध्ये, गाव वसल्याला दीडशे वर्षं झाली तेव्हा, त्यांनी प्रदर्शन भरवलं. मार्टिन योनाश यांच्या चित्रातला शेतकरी पाहिला की विसरत नाही: पंजे आणि पावलं अवाढव्य, डोकं सुपारीएवढं. काम करणाऱ्या माणसाच्या शरीरात श्रम कुठे साठतात ते त्या हातांत दिसतं. झुझाना खालुपोवा यांच्या चित्रांत मुलंच मुलं, गोल गालांची, चुणीदार कपड्यांतली. उझ्दिनच्या रोमेनियन बायकांनीही पुढे हीच वाट धरली, स्वतःच्या पोशाखांसकट आणि स्वतःच्या रंगांसकट. डिसेंबर 2024 मध्ये युनेस्कोने कोवाचित्साच्या या चित्रकलेला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. हा प्रस्ताव मांडला होता सर्बियाच्या सरकारने. स्लोव्हाक भाषा घरात बोलणाऱ्या माणसांची कला सर्बियाने आपला वारसा म्हणून जगापुढे नेली; फुटीरपणा म्हणायचा तो यात कुठे शोधायचा?

'कुणाचंच बहुमत नाही तिथे कारभार अशक्य' यावर फार शब्द घालवत नाही. इथे स्लोव्हाक चाळीस टक्क्यांच्या थोडे वर, सर्ब एक तृतीयांश. निम्म्याच्या पुढे कुणीच नाही. तरीही पालिका चालते.

याच मजकुराच्या एका लांबट आवृत्तीत जनगणनेचे आकडे देऊन म्हटलेलं असतं की अल्पसंख्य घटताहेत, म्हणजे त्यांना हुसकावलं जातंय. आकडे घटताहेत हे खरं. नव्वदच्या दशकात सक्तीची सैन्यभरती टाळायला वोय्वोदिनातले कितीतरी हंगेरियन तरुण देश सोडून गेले, तो काळ वाईटच होता. पण पालिकेची एकूण लोकसंख्या बघा: 2002 साली सुमारे 28 हजार, 2011 मध्ये 25 हजार, 2022 मध्ये 21 हजार. यात सर्ब गावंही आक्रसली आहेत, इद्वोर आणि सामोशसुद्धा. मुलं कमी जन्मतात आणि मोठी झालेली निघून जातात. स्लोव्हाक तरुणाला भाषेमुळे स्लोव्हाकिया सोपं पडतं, हंगेरियनाला 2011 पासून हंगेरीचं नागरिकत्व सहज मिळतं, सर्ब मुलगा बेलग्रेड नाहीतर व्हिएन्ना गाठतो. मातृभाषेतला पहिलीचा वर्ग उघडायला सर्बियात साधारण 15 मुलं लागतात, कमी असली तर वरून खास परवानगी आणावी लागते. इथल्या भाषांना आज खरी काळजी आहे ती या पंधरा मुलांची.