खुलासा : निम्मी वीज अजून ‘हरित’ झालेली नाही

‘देशातली निम्मी वीज आता सूर्य-वाऱ्यापासून, कोळशाची गरज संपली’ असा संदेश फिरतोय. तो चुकीचा आहे.

केंद्र सरकारने जुलै २०२५मध्ये जाहीर केलं ते स्थापित क्षमतेबद्दल, म्हणजे सगळे प्रकल्प पूर्ण ताकदीने चालले तर किती वीज बनू शकते त्याबद्दल : सुमारे ४८५ गिगावॅटपैकी निम्मी बिगर-जीवाश्म, म्हणजे कोळसा, तेल, वायू न जाळणारी. त्यात मोठी धरणं आणि अणुऊर्जाही येते. हवामान बदलाबाबतच्या पॅरिस करारातलं आपलं २०३०चं उद्दिष्ट हेच होतं, ते पाच वर्षं आधी गाठलं. ही कमाई मोठीच आहे.

पण सौर प्रकल्प रात्री बंद असतात, वारा मोसमी. म्हणून प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा अजून सत्तर टक्क्यांच्या आसपास आहे. साठवणूक आणि पारेषणाचं (वीज तारांतून दूरवर नेण्याचं) काम बाकी आहे. कृपया तो संदेश पुढे पाठवू नका. आला तर हा खुलासा पाठवा.